मुंबईची जुनी शेठ घराणी: पकड गेली कुठे, उरली कशात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गिरगावातल्या तुमच्या चाळीच्या भाडेपावतीवर मालक म्हणून एका जुन्या शेठच्या नावाचा ट्रस्ट छापलेला आहे. त्या घराण्यातलं कुणी चाळीत फिरकल्याचं तुमच्या वडिलांनाही आठवत नाही. त्यावरून तुम्ही विचारताय की जीजीभॉय, शंकरशेठ, वाडिया, पेटिट, ससून ही मुंबई घडवणारी घराणी संपली, की अजूनही पडद्यामागून शहर चालवतात? आणि जाता जाता हेही, की ही माणसं खरोखर 'खानदानी' होती का, की नुसते पैसेवाले व्यापारी?

मी वकील आहे, फोर्टात टायटल, म्हणजे जागेची कायदेशीर मालकी, शोधायचं काम करते. इतिहासाची प्राध्यापक नव्हे. जुनी मृत्युपत्रं, प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी), भाडेपट्टे, ट्रस्ट डीड हेच माझं रोजचं वाचन, त्यामुळे उत्तर कागदाच्या बाजूने येईल. आणि हे कागद वाचून माझं मत असं झालंय की वारस आहेत की नाहीत, बंगल्यात राहतात की लंडनला गेले, याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. या घराण्यांची सत्ता वंशातून बाहेर पडून दस्तांच्या कलमांत जाऊन बसली आहे. कुणी, कशासाठी, कोणत्या अटीवर दिलं आणि ती अट आज कोणाच्या सहीने चालते, हे पाहिलं तर तुमच्या चाळीचंही कोडं सुटेल.

आधी 'खानदानी' या मुद्द्याचं. देशावर सरदार, जहागीरदार, देशमुख यांचं मोठेपण सनदेवर उभं होतं. राजाने किंवा पेशव्याने दिलेलं इनाम, वतन, मान. इंग्रज आल्यावर १८५२ च्या इनाम कमिशनने दारोदार सनदा तपासल्या आणि ज्यांना कागद दाखवता आला नाही त्यांची इनामं खालसा झाली. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले. म्हणजे वरून मिळालेलं मोठेपण वरूनच काढून घेता आलं.

मुंबईत अशी सनद वाटणारा राजाच नव्हता. १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालने हे बेट इंग्लंडच्या राजाला दिलं, राजाने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात घातलं. बेटावरच्या पोर्तुगीजकालीन जमीनदारांचे हक्क काही राहिले, काही गेले. त्या काळची फझेंदारी, म्हणजे जमीनमालकीची ती जुनी पद्धत, आजही दक्षिण मुंबईच्या दस्तांत भेटते आणि नव्या वकिलांची झोप उडवते. पण कंपनीला खरी गरज होती ती माणसांची. जहाज बांधणारा सुतार, माल उधार देणारा सावकार, दलाल, दुभाषी. या माणसांनी आधी कमावलं आणि मग जमीन घेतली. त्यामुळे तुम्ही म्हणता तो फरक खरा आहे, पण मी त्याला कमीपणा मानत नाही. युरोपातली किती उमराव घराणी सुरुवातीला लुटीवर उभी राहिली ते बघा. मुंबईत निदान सुरुवात सुताराच्या किकऱ्याने झाली, आणि अफूच्या पेटीने.

हो, अफू. ती वगळून या घराण्यांविषयी बोलणं म्हणजे मृत्युपत्र वाचताना कर्जाचं पान उलटून पुढे जाणं. जमशेटजी जीजीभॉय १७८३ चे, पोरवयात आईबाप गेले, मामाच्या रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यातून सुरुवात. पुढे चीनच्या अनेक सफरी, जार्डिन या स्कॉटिश व्यापाऱ्याशी दोस्ती, आणि कापसासोबत माळव्याच्या अफूची निर्यात. त्यांच्या पेढीत एक गुजराती जैन, एक कोकणी मुसलमान आणि एक गोव्याकडचा ख्रिस्ती भागीदार होता: मोतीचंद अमीचंद, महंमद अली रोगे आणि रॉजेरियो द फारिया. मुंबईच्या 'सर्वधर्मसमभावा'चं हे एक जुनं उदाहरण, फक्त त्याचा माल चीनमध्ये जाऊन माणसं मारत होता. याच पैशातून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं आणि १८५७ मध्ये जे. जे. कलाशाळा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी धुतली जात नाही.

वाडियांचं मूळ वेगळं. लवजी नसरवानजी १७३६ च्या सुमारास सुरतेहून जहाजबांधणीसाठी आले आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षं मुंबईच्या गोदीतलं मुख्य बांधणाऱ्याचं पद त्याच घराण्यात राहिलं. मलबारी सागवानाचं त्यांचं 'ट्रिंकोमाली' हे १८१७ चं जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतंय. सरदारकी म्हणायची तर ही म्हणा: पद वंशपरंपरागत, पण दर पिढीला हातात कसब असल्याशिवाय टिकणारं नाही.

आणि नाना शंकरशेठ. मराठी वाचकांना ते ठाऊक असतात, पण फक्त पहिल्या रेल्वेपुरते. मुळचे मुरबाडचे, दैवज्ञ सोनार, वडिलांची पेढी आणि जमीनजुमला मोठा. नानांनी स्वतः व्यापारात वडिलांइतकं लक्ष घातलं असं त्यांच्या आयुष्याकडे बघून वाटत नाही. त्यांचा वेळ गेला तो समित्यांत. शिक्षण मंडळ, १८४५ ची रेल्वेसाठीची खटपट, १८५२ ची बॉम्बे असोसिएशन, १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसलेल्या पहिल्या भारतीयांपैकी एक. मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा. सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवायचा सरकारी बेत होता, तो त्यांनी हाणून पाडला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पकड म्हणजे काय ते इथे दिसतं. त्या काळी निवडणूक नव्हती. गव्हर्नरला शहराचं मत हवं असलं की तो चार शेठना बोलावणार, आणि गिरगावकरांना मेलेल्या माणसाला कुठे जाळायचं हे गव्हर्नरला सांगायचं असलं की ते नानांच्या वाड्यावर जाणार. दोन्ही बाजूंची दारं ज्याला उघडी, तो शहराचा मालक. जमिनीची मालकी नंतरची.

हे मधलं स्थान गेलं कसं? कुणी हिसकावलं नाही. १८५७ मध्ये विद्यापीठ निघालं, पाच वर्षांत पदवीधर बाहेर पडायला लागले, त्यातले बरेच वकील झाले. १८७२ च्या कायद्याने करदात्यांना नगरपालिकेत मत मिळालं, १८८८ चा महापालिका कायदा आला, आणि सरकारशी भांडायला आता इंग्रजी कायद्याचं कलम तोंडपाठ असणारा माणूस लागायला लागला. फिरोजशहा मेहतांचा पुतळा महापालिकेच्या दारात उभा आहे तो याच कारणाने. १८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं. शेठ गोकुळदास तोवर वारलेले, वास्तू त्यांच्या दानाची, आणि आत बसलेले बहुतेक वकील, संपादक, डॉक्टर. जागा शेठची, भाषण वकिलाचं. माझ्या धंद्याची भरभराट तिथूनच सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.

आता मुख्य भागाकडे येते. एवढा पैसा असलेली माणसं, त्यांनी तो वंशात का नाही गोठवून ठेवला? विलायतेत थोरल्या मुलाला सगळं, बाकीच्यांना चर्च किंवा फौज, अशी सोय होती. आपल्याकडे नव्हती. हिंदू कुटुंबात मुलगे वाटणी मागणार. पारशांत मुलीबाळींसकट वाटे. मुसलमानांत शरियतीप्रमाणे हिस्से. तीन पिढ्यांत कितीही मोठी इस्टेट चिंधड्या होते, मी रोज बघते: प्रॉपर्टी कार्डावर नावं लावायला जागा पुरत नाही. बरं, ट्रस्ट करून 'माझ्या वंशजांना यावच्चंद्रदिवाकरौ' असं लिहावं तर इंग्रजी कायदा म्हणतो, खासगी ट्रस्ट कायमचा चालणार नाही. काही ठरावीक काळानंतर ती मिळकत कुणाच्या तरी हाती मोकळी व्हायलाच हवी. या नियमाला अपवाद एकच, धर्मादाय. धर्मादाय ट्रस्ट मात्र अनंत काळ चालू शकतो.

इथे थोडं थांबा, कारण मुंबईचं अर्धं रूप या एका अपवादातून निघालं आहे असं माझं ठाम मत आहे. ज्याला आपलं नाव आणि आपली इच्छा शंभर वर्षांनंतरही चालावी असं वाटलं, त्याला कायद्याने एकच दार ठेवलं होतं, दानाचं. म्हणजे ही माणसं दानशूर नव्हती असं नाही. मोतीचंद आणि जमशेटजींनी १८३४ मध्ये भुलेश्वरला पांजरापोळ काढली, तिच्यामागे दोनच वर्षांपूर्वी कुत्री मारण्यावरून झालेली दंगल आणि खरी भूतदया दोन्ही होत्या. पण इच्छा टिकवायचा कायदेशीर मार्गही तोच होता, हे त्यांच्या सॉलिसिटरांना नक्की माहीत होतं.

अपवादाला अपवाद एक झाला. जमशेटजींना १८४२ मध्ये नाइट आणि १८५७ मध्ये बॅरोनेट केलं, दोन्ही वेळी पहिले भारतीय. बॅरोनेटपण थोरल्या वारसाकडे जाणार, पण त्याच्याबरोबर पैसा गेला नाही तर नुसती पदवी घेऊन काय करणार? म्हणून १८६० मध्ये खास कायदा करून पदवीला मिळकत बांधून दिली. त्यात गमतीची तरतूद अशी, की पदवी ज्याच्याकडे येईल त्याने स्वतःचं नाव टाकून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं. माणूस बदलतो, नाव तेच. जुनी कागदपत्रं चाळताना एकाच नावाचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या सह्या करताना दिसतो आणि नवखा कारकून गोंधळून जातो. मुसलमान घराण्यांसाठी वंशजांच्या फायद्याचा वक्फ, म्हणजे धर्माच्या नावाने कायमची बांधून ठेवलेली मिळकत, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या शेवटच्या कोर्टाने अमान्य केला होता, तो १९१३ च्या कायद्याने पुन्हा वैध झाला; तो कायदा मांडणारे मुंबईचेच बॅरिस्टर, महंमद अली जिना.

दान देताना घातलेल्या अटी वाचा, मग या लोकांची राजकीय बुद्धी कळते. माहीमचा कॉजवे. सरकारने पैसे नाहीत म्हणून हात वर केले. जमशेटजींच्या पत्नी लेडी आवाबाईंनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि अट घातली की या रस्त्यावर सरकारने टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. मुंबईच्या वेशीवरचा मोटारींचा टोल २०२४ मध्ये माफ झाला तेव्हा मला आवाबाईंचीच आठवण झाली. बाई एकशे ऐंशी वर्षं पुढे होत्या. दुसरं उदाहरण परळचं. गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झालं. शेठ गोरधनदासांच्या विश्वस्तांनी पैसा देताना अट घातली की इथे शिकवणारे लायक भारतीयच असतील, सरकारी नोकरीतले साहेब नकोत. एक कलम, आणि त्याने भारतीय डॉक्टरांना प्राध्यापकीची वाट मोकळी करून दिली. ठरावांनी आणि सभांनी हे किती वर्षांत झालं असतं कोण जाणे.

प्रेमचंद रायचंद यांचं प्रकरण तर कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवावं असं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ला सुरू झालं, तिथला कापूस अडकला, मँचेस्टरला आपला कापूस सोन्याच्या भावाने जायला लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, बॅकबेचा समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर लोकांनी घरं लावली. प्रेमचंद या सट्ट्याचे राजे. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी २ लाख दिले, मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं एवढंच मागणं. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, कापूस कोसळला, १ जुलै १८६५ च्या हिशेबाच्या दिवशी अर्धी मुंबई बुडाली, प्रेमचंदही. पण विद्यापीठाला दिलेला पैसा आता त्यांचा नव्हता, त्यामुळे धनकोंना तो मागता आला नाही. १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला. स्वतःकडे ठेवलेली दौलत एका हिशेबात गेली आणि देऊन टाकलेली आजही तासाला टोला देते. हे मी पुण्याईचं म्हणून सांगत नाही. मिळकत ज्या दिवशी दुसऱ्याच्या नावे होते त्या दिवशी देणाऱ्याचं नशीब तिला लागू होत नाही, इतका साधा हिशेब आहे.

ससून घराणं गेलं ते वेगळ्या वाटेने. बगदादहून आलेले डेव्हिड ससून, त्यांच्या मुलाने बांधलेली १८७५ ची ससून गोदी, काळ्या घोड्याजवळचं वाचनालय, आणि पुढे गिरण्यांचा मोठा गट. पण हे लोक मुंबईत रुजले नाहीत. एक पाय लंडनला, दुसरा शांघायला. गिरण्या १९४३ च्या सुमारास विकल्या गेल्या, इंडिया युनायटेड या नावाने पुढे चालल्या, मग सरकारकडे आल्या. त्या इंडिया युनायटेडची सहा नंबरची गिरणी म्हणजे दादरची इंदू मिल, जिथे डॉ. बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतंय. वाडिया मात्र टिकले. १८७९ ची बॉम्बे डाइंग अजून त्यांच्याकडे आहे, आणि २०२३ मध्ये त्या कंपनीने वरळीची सुमारे २२ एकर जमीन ५,२०० कोटींच्या आसपास विकायचा करार केला. तेव्हा 'घराणी संपली' असं सरसकट म्हणता येणार नाही. पण बघा, तिथेही पकड आहे ती कंपनीच्या शेअरांवर, आणि जुन्या गिरणीच्या जमिनीवर.

टाटा समूहाचं तर सगळ्यांना माहीतच असतं, तरी लोक त्याचा अर्थ लावत नाहीत. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर धर्मादाय ट्रस्टांकडे आहेत. म्हणजे भारतातल्या एका सर्वांत मोठ्या उद्योगसमूहाचा मालक कुणी माणूस नाही, मुख्यतः जमशेटजी टाटांच्या दोन मुलांच्या दौलतीचे ट्रस्ट आहेत. म्हणूनच तिथे विश्वस्त कोण यावरून वाद झाला की बातमी पहिल्या पानावर येते.

आणि हा विश्वस्तपदाचा झगडा नवा नाही. १९०८ चा पेटिट विरुद्ध जीजीभॉय खटला: दोन्ही बाजूंना बॅरोनेट, न्यायमूर्ती दावर आणि बीमन. लोकांच्या लक्षात राहिला तो पारशी कोणाला म्हणायचं हा वाद, कारण एका टाटांची फ्रेंच पत्नी धर्मांतर करून आली होती. पण खटल्यात दुसरा प्रश्नही होता: पारशी पंचायतीच्या, म्हणजे त्या समाजाच्या मिळकती सांभाळणाऱ्या संस्थेच्या, विश्वस्तांची नेमणूक कायदेशीर झाली आहे का? कोर्टाने ती वैध मानली नाही. माझ्या दृष्टीने खानदानी सत्तेला बसलेला तो खरा धक्का. 'आम्ही थोरामोठ्यांच्या घरातले, म्हणून आम्ही विश्वस्त' हे उत्तर कोर्टात पुरलं नाही.

थोडक्यात इथवर: मोठेपण व्यापारातून आलं, सरकार आणि लोक यांच्यामधल्या जागेमुळे वाढलं, ती जागा वकिलांनी घेतली, आणि जे उरलं ते दानाच्या दस्तांत. आता तुमची चाळ.

इथे मला तुमच्या ट्रस्टचा प्रकार माहीत नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीकडे मी साधारण तीन प्रकार बघते. काही ठिकाणी देवळाच्या किंवा धर्मशाळेच्या खर्चासाठी चाळ बांधून दिलेली असते, भाडं देवाचं. काही ठिकाणी जातीच्या मुलांच्या शिक्षणासाठी. आणि काही ठिकाणी पावतीवर 'ट्रस्ट' असतं, पण तो खासगी, घरच्यांच्या फायद्याचा. त्याची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदच नसते. पाठारे प्रभूंच्या जुन्या मिळकतींत घरगुती देवस्थान आणि खासगी ट्रस्ट यांची अशी काही सरमिसळ सापडते की उकलता उकलत नाही. उपनगरातला असता तर प्रश्न आणखी निराळा झाला असता. साष्टी, म्हणजे आजच्या उपनगरांच्या बेटावरच्या, जुन्या इस्टेटी, खोत्या आणि १९५१ चा साष्टी इस्टेटींचा कायदा, तो स्वतंत्र विषय आहे.

ट्रस्ट सार्वजनिक असेल तर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू. त्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या आगाऊ परवानगीशिवाय चाळ विकता येत नाही, तीन वर्षांहून मोठ्या मुदतीने भाडेपट्ट्यावर देता येत नाही. मूळ शेठचा पणतू उद्या दारात येऊन उभा राहिला तरी त्याला, तो विश्वस्त नसेल तर, एक वीट हलवायचा अधिकार नाही. पण विश्वस्त म्हणून बसलेल्या, घराण्याशी नातं नसलेल्या चार माणसांना तो आहे, आयुक्तांच्या संमतीने. पकड कोणाकडे, याचं तुमच्यापुरतं उत्तर बहुधा हेच निघेल.

घराण्यातलं कुणी चाळीत का फिरकत नाही, त्याचंही कारण भावनेत शोधू नका. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली, १९९९ चा कायदा आला तरी जुन्या भाडेकरूंचं चित्र फारसं बदललं नाही. ज्या चाळीच्या भाड्यावर दवाखाना, अन्नछत्र, शिष्यवृत्ती चालायची, तिथे भाड्यातून आता पायखान्याची दुरुस्तीही होत नाही. मी एक ट्रस्ट डीड वाचलं आहे, नाव सांगत नाही, त्यात दरसाल पाच हुशार मुलांना पुस्तकं आणि बंडी द्यावी असं लिहिलंय. विश्वस्तांची सभा होते, चहा होतो, आणि त्या चहाचा खर्च बक्षिसांपेक्षा जास्त असतो. अशा ट्रस्टात बसण्यात मान उरत नाही तेव्हा घराण्यातली माणसं हळूहळू उठून जातात. मग रिकाम्या खुर्चीवर कोण बसतं? कधी जुना मुनीम, कधी त्याचा मुलगा, कधी सीए, आणि अलीकडे, पुनर्विकासाचा वास लागल्यावर, बिल्डरचा कुणी ओळखीचा. १९४० च्या भाड्याची चाळ तोडल्यावर कोट्यवधींची जमीन होते, त्यामुळे शंभर वर्षं कुणी न विचारलेलं विश्वस्तपद एकदम महत्त्वाचं होतं. पडद्यामागून शहर चालवणारे कोण असं तुम्ही विचारलंत ना? मला शेठच्या पणतवंडांची भीती वाटत नाही. या रिकाम्या खुर्च्यांची वाटते.

सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही. काही पारशी आणि भाटिया ट्रस्ट अत्यंत चोख चालतात, घराण्यातली तिसरी-चौथी पिढी दर महिन्याला येऊन हिशेब बघते. रुग्णालयांच्या बाबतीत तर कायद्यानेच हात घातला आहे: धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. दात्याने न घातलेली अट सरकारने घातली. ती पाळली जाते का, हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयाच्या दारात वेगळा.

मराठी माणसांची अशी घराणी कमी का, असं याच विषयावर मला बऱ्याचदा विचारतात. परदेशी व्यापारात आपण कमी होतो, पाठारे प्रभू बहुतेक सरकारी कचेऱ्यांत आणि वकिलीत गेले, हे खरं. पण भागोजीशेठ कीर विसरू नका. रत्नागिरीचा भंडारी मुलगा, बांधकामाच्या ठेक्यांत मोठा झाला. १९३१ चं रत्नागिरीचं पतितपावन मंदिर त्यांच्या पैशाचं, आणि शिवाजी पार्कची स्मशानभूमी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. नानांनी सोनापूर वाचवलं, भागोजींनी दादरला जागा करून दिली. मुंबईत शेवटचा विधी कुठे होणार हे दोन मराठी शेठनी ठरवलं, ही काय कमी सत्ता आहे?

तुम्ही करायचं एवढंच. भाडेपावतीवरचं ट्रस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या. क्रमांकाच्या सुरुवातीला इंग्रजी अक्षर असेल तर ट्रस्ट सार्वजनिक असण्याची शक्यता मोठी. सिटी सर्व्हेच्या कचेरीतून चाळीचं प्रॉपर्टी कार्ड काढा, त्यावर धारक म्हणून कुणाचं नाव आहे आणि जमीन भाडेपट्ट्याची आहे का ते बघा. बऱ्याच वेळा चाळ एकाची, जमीन दुसऱ्याची निघते. मग वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून परिशिष्ट १ चा, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीचा, उतारा आणि गेल्या काही वर्षांतल्या बदल अर्जांच्या (विश्वस्त वगैरे बदलल्याचं कळवणाऱ्या) नकला मागा. वेळ लागेल, दोन-तीन खेपा होतील, पण भाडेकरू म्हणून तुमचा संबंध आहे हे अर्जात स्पष्ट लिहा. नोंदच सापडली नाही तर ट्रस्ट खासगी समजून चला आणि वकिलाकडे जा, तिथे घराण्याचे वारस खरोखरच महत्त्वाचे ठरतील.

उतारा हातात आला की विश्वस्तांची नावं वाचायची घाई करू नका, ती आज आहेत, उद्या बदलतील. त्यात विश्वस्तपद पुढे कसं जायचं याचा एक रकाना असतो. तिथे 'दात्याच्या वंशातील ज्येष्ठ पुरुष' असं असेल तर घराणं अजून तुमच्या चाळीत आहे. 'उरलेल्या विश्वस्तांनी नेमावा' असं असेल तर ते कधीच गेलंय, आणि गेल्या तीन बदल अर्जांत कोण कोणाच्या जागी आलं ते तारखेप्रमाणे मांडून बघा.